फुंक आणि ओढ : माऊथ ऑर्गनचा न लिहिलेला इतिहास



मागच्या व्याख्यानात आपण पेटीचा, म्हणजे हार्मोनियमचा इतिहास पाहिला. शेवटी प्रश्नोत्तरं झाली तेव्हा मागच्या रांगेतून एका श्रोत्यानं विचारलं, "सर, पेटीचं सगळं सांगितलंत, पण तिच्या धाकट्या भावाचं काय? माऊथ ऑर्गनचं?" आम्ही पटकन उत्तर देऊन मोकळे झालो की, त्याचा आपल्याकडे काही इतिहास नाही. लोक हसले, आभारप्रदर्शन झालं, चहा झाला.

घरी गेल्यावर मात्र ते उत्तर आम्हाला खटकायला लागलं. "इतिहास नाही" आणि "इतिहास लिहिलेला नाही" ही दोन विधानं वेगळी आहेत. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं या दोहोंत गल्लत केली असती, तर आम्ही त्याचे गुण कापले असते. तेव्हा आजचं व्याख्यान म्हणजे त्या चुकीची दुरुस्ती आहे असं समजा.

आपण बसलो आहोत मोऱ्यात. आजच्या तरुण मुलांना कल्पना नसेल, पण या गावाचा मुंबईशी संबंध कित्येक पिढ्या पाण्यावरूनच होता. उरणची रेल्वे सुरू झाली ती जानेवारी 2024 मध्ये. वाशीचा खाडीपूल झाला सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी मुंबईला जायचं म्हणजे मोऱ्याहून लाँच धरायची, भाऊच्या धक्क्याला उतरायचं. रस्त्यानं जायचं तर पनवेलवरून भलामोठा वळसा. आणि लाँच चालणार भरती-ओहोटीच्या लहरीवर. मोठी ओहोटी असली की गाळामुळे लाँच धक्क्याला लागत नाही. ही अडचण आजही आहे. मग काय करायचं? वाट पाहायची. विद्यार्थी, गोदीत काम करणारे, भाजी-मासळी घेऊन निघालेल्या बाया, सगळे धक्क्यावर बसून पाणी चढायची वाट पाहताहेत, हे दृश्य आमच्या पिढीनं रोज पाहिलेलं आहे.

माऊथ ऑर्गन आम्ही पहिल्यांदा ऐकला तो या वाट पाहण्यात. तो कुणी वाजवला ते पुढे येईल. आधी त्या वाद्याची कुळकथा पाहू.

पेटी, अ‍ॅकॉर्डियन आणि माऊथ ऑर्गन ही तिन्ही एकाच कुळातली भावंडं. या कुळाचं लक्षण म्हणजे मोकळी पत्ती. पितळेची एक अरुंद पट्टी, एक टोक पक्कं केलेलं, दुसरं मोकळं. खाली तिच्याच मापाची फट. हवा गेली की पट्टी त्या फटीतून आतबाहेर थरथरते आणि सूर निघतो. पट्टी लांब असली तर सूर खाली, आखूड असली तर वर. यापलीकडे यंत्र काही नाही. पेटीत हवा भात्यातून येते, माऊथ ऑर्गनमध्ये छातीतून, एवढाच फरक. आणि गंमत म्हणजे या एवढ्याशा फरकानं दोघांची नशिबं पार वेगळी केली.

मोकळ्या पत्तीची कल्पना मूळची पूर्वेकडची. चीनमध्ये 'शंग' नावाचं बांबूच्या नळ्यांचं वाद्य फार प्राचीन काळापासून आहे. अठराव्या शतकात ते युरोपातल्या जिज्ञासू लोकांच्या हाती लागलं. 1780 च्या सुमारास क्रात्झेनश्टाइन नावाच्या शास्त्रज्ञानं माणसाच्या तोंडचे स्वर यंत्रातून काढण्याचा खटाटोप केला, त्यातही मोकळी पत्तीच होती. हे लक्षात ठेवा. या पत्तीकडून युरोपातल्या माणसानं अगदी सुरुवातीला अपेक्षा केली ती गाण्याची नव्हती, बोलण्याची होती.

पुढे 1820 च्या दशकात व्हिएन्नात आणि जर्मन प्रदेशात तोंडानं वाजवायची छोटी वाद्यं दिसायला लागली. बुशमान नावाच्या एका तरुणाला शोधाचं श्रेय देण्याची पद्धत आहे, पण अभ्यासक आता ते तितक्या खात्रीनं देत नाहीत. अनेक कारागीर एकाच वेळी त्याच वाटेवर होते, असं म्हणणं जास्त बरोबर. हे वाद्य जगभर नेलं मात्र एका घड्याळजीनं. ट्रॉसिंगन गावचा मथियस होनर. त्यानं 1857 साली धंदा सुरू केला आणि पहिल्या वर्षात 650 नग बनवले. तीस वर्षांत हा आकडा वर्षाला दहा लाखांच्या घरात गेला. वाद्य खिशात मावणारं, स्वस्त, न फुटणारं. जर्मन माणूस नशीब काढायला अमेरिकेला निघाला की ते त्याच्याबरोबर जायचं. तिथं ते काळ्या मजुरांच्या हातात पडलं, आणि ज्यांनी ते बनवलं त्यांच्या स्वप्नातही नव्हते असे आवाज त्यांनी त्यातून काढले. त्याकडे आपण परत येऊ.

आपल्याकडे पेटी आली, रुजली आणि मराठी झाली. द्वारकानाथ घोष यांनी कोलकात्यात 1875 च्या सुमारास हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी तयार केली. महाराष्ट्रात ती नाटकात गेली, कीर्तनात गेली, भजनी मंडळात गेली. ज्यांनी 1911 साली 'मानापमान'ला चाली दिल्या ते गोविंदराव टेंबे पेटीचे थोर वादक होते. पेटीवर बंदीसुद्धा आली. नभोवाणीनं 1940 साली तिला हद्दपार केलं, कारण दोन सुरांमधली मींड तिला काढता येत नाही आणि तिचे सूर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत. सत्तरच्या दशकात ती बंदी सैल झाली. बंदी येणं हीसुद्धा एक प्रतिष्ठाच असते बरं का! माऊथ ऑर्गनवर कधी कुणी बंदी घातली नाही. कारण तो दारापर्यंत पोचलाच नव्हता.

का पोचला नाही? "परदेशी वाद्य म्हणून" हे उत्तर टिकत नाही. पेटीही परदेशीच. व्हायोलिन परदेशी, क्लॅरिओनेट परदेशी. "मींड निघत नाही म्हणून" हेही टिकत नाही. माऊथ ऑर्गनमध्ये जिभेचा आणि गालाचा आकार बदलून ओढीचा सूर खाली वाकवता येतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय वादकांनी नेमकं तेच केलं, त्यांच्या ब्लूजचा जीवच त्या वाकवलेल्या सुरात आहे. पेटीवरचा मुख्य आक्षेप तिच्या धाकट्या भावाला निदान काही सुरांपुरता तरी लागू नव्हता. पण हे तपासून पाहायला त्याला बैठकीत बोलावलं कुणी?

आम्हाला दोन कारणं दिसतात. पहिलं उघड आहे. पेटी वाजवताना तोंड मोकळं राहतं. बुवा गातात आणि स्वतःच पेटी वाजवतात. आपलं संगीत मुळात गळ्याचं. भजन, कीर्तन, नाट्यपद, सगळीकडे शब्द आधी. जे वाद्य गाणाऱ्याचं तोंडच बंद करतं, त्याला या घरात जागा कुठली? आता तुम्ही म्हणाल, बासरी आणि सनईसुद्धा तोंड बंद करतात. बरोबर. पण बासरीमागे कृष्ण उभा आहे, आणि सनईमागे देऊळ आणि लग्नाचा मांडव. कोकणात ती वाजवणारे समाज ठरलेले, त्यांचा मान ठरलेला. माऊथ ऑर्गनमागे कुणीच नाही. देव नाही, जात नाही, घराणं नाही.

दुसरं कारण घरगुती आहे आणि तुम्हाला ते कुठल्या संगीताच्या पुस्तकात मिळायचं नाही. आमची आई त्या वाद्याला "उष्टा बाजा" म्हणायची. बासरी ओठांना टेकते, पण माऊथ ऑर्गन ओठांच्या आत जातो, त्यात थुंकी उतरते. घरात एका भावाचा बाजा दुसऱ्यानं तोंडाला लावायचा नाही. त्यामुळे हे वाद्य घराचं होत नाही, ते एका माणसाचंच राहतं. पेटी बापाकडून मुलाकडे जाते, मंडळाच्या मालकीची असते, गावच्या देवळात पडून असते. माऊथ ऑर्गन शर्टाच्या खिशात असतो, आणि माणसाबरोबर जातो.

म्हणून त्याची दप्तरं नाहीत, वंशावळ नाही, गुरुपौर्णिमा नाही. धोबीतलावच्या दुकानांत तो मिळायचा. परदेशी मालावर निर्बंध आले तेव्हा बोटीवर काम करणारा कुणी नातेवाईक आणायचा. नंतरच्या काळात चिनी बनावटीचे स्वस्त बाजे सगळीकडे दिसू लागले. कुठे मिळायचा ते सांगता येतं. कोण वाजवायचं, काय वाजवायचं, याची नोंद कुणी ठेवली नाही.

एका ठिकाणी मात्र त्याची मोठी नोंद झाली. हिंदी सिनेमात. 'सोलहवाँ साल' हा 1958 चा चित्रपट. त्यात लोकलच्या डब्यात देव आनंद गातो आणि माऊथ ऑर्गन वाजवतो त्याच्या शेजारचा मित्र. ध्वनिमुद्रणात तो वाजवला होता राहुलदेव बर्मन यांनी. ते तेव्हा वडिलांचे, म्हणजे सचिनदांचे सहायक होते. 1964 साली आला 'दोस्ती'. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, त्यातले लक्ष्मीकांत म्हणजे आपले कुडाळकर. इथंही माऊथ ऑर्गन राहुलदेवांचाच. पुढे 1975 चा 'शोले'. रात्री वाड्याच्या एका बाजूला जय माऊथ ऑर्गन वाजवतोय, दुसऱ्या बाजूला राधा एकेक दिवा मालवतेय. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. ते वादन भानू गुप्ता यांचं.

आता यात काय समान आहे ते पाहा. 'दोस्ती'त एक मुलगा आंधळा आहे, तो गातो. दुसरा पायानं अधू आहे, तो वाजवतो. कथेला दोन मित्र का लागले याची भावनिक कारणं पुष्कळ सांगता येतील. पण एक साधं शारीरिक कारणही आहे. माऊथ ऑर्गन वाजवणाऱ्याला गाता येत नाही. गाण्यासाठी दुसरा माणूस शेजारी असावाच लागतो. लोकलच्या डब्यातही तेच. आणि 'शोले'त गाणारं कुणी नाही, म्हणून तिथं तो सूर इतका एकाकी वाटतो. सिनेमावाल्यांनी हा सिद्धान्त मांडला नसेल, पण त्यांना तो ठाऊक होता. पेटीवर माणूस एकटा पुरा होतो. माऊथ ऑर्गनवर तो अर्धा राहतो.

आता धक्क्यावर परत येऊ.

सत्तरच्या आसपास आम्ही मुंबईला कॉलेजात जात होतो. संध्याकाळच्या लाँचवर आमचा एक मित्र असायचा, आमच्याहून दोनतीन वर्षांनी मोठा, गोदीत हमालीच्या कामावर. त्याचं नाव आम्ही इथं घेत नाही, कारण त्याला ते आवडलं नसतं. त्याच्या खिशात हातरुमालात गुंडाळलेला माऊथ ऑर्गन असायचा. इंजिनाच्या धडधडीपासून लांब, पुढच्या टोकाला तो बसायचा. मुंबईकडून येताना घारापुरी डाव्या हाताला दिसू लागली की रुमाल सोडायचा, बाजा तळहातावर दोनदा आपटायचा आणि वाजवायला लागायचा. आम्ही शेजारी बसून गायचो. आमचा आवाज बरा होता, निदान लाँचवरच्या लोकांची तक्रार नव्हती.

आम्ही एकदा त्याला म्हटलं, "मला शिकव." तो म्हणाला, "शिकवायचं काय त्यात? श्वास घेतोस ना? तोच यात घे." आम्हाला हे उत्तर अडाणी वाटलं. त्या वर्षी आम्ही कांट वाचत होतो. शास्त्र सांगता येत नाही ते ज्ञानच नव्हे, अशी आमची खात्री होती. आम्ही पुन्हा विचारलं नाही.

त्याच्या वाजवण्यात एक लकब होती. सूर चढत चढत वरच्या षड्जाकडे निघाले की, अगदी त्याच्या आधी, निषादावर तो किंचित थांबायचा. एक निमिषभर. मग षड्ज यायचा. त्या थांबण्यानं अंगावर काटा यायचा. आम्ही त्यावर त्या वयाला शोभेल असं तत्त्वज्ञानही रचलं होतं. उत्कंठा, अपूर्णता वगैरे. त्याला सांगितलं तर तो नुसता हसला.

पुढे नोकरीसाठी आम्ही बाहेरगावी गेलो. भेटी तुटल्या. निवृत्तीनंतर परत आलो तोवर तो गेलेला होता. शेवटची काही वर्षं त्याला दम लागायचा, बाजा वाजवणं सुटलं होतं, असं घरच्यांनी सांगितलं. त्याच्या वाजवण्याचं ध्वनिमुद्रण नाही. कुठल्या कार्यक्रमपत्रिकेत नाव नाही. ज्या अर्थानं आपण इतिहासाची साधनं म्हणतो, तसं एकही साधन नाही.

म्हणून मागच्या व्याख्यानानंतर आम्ही एक उद्योग केला. दहा घरांचा एक साधा माऊथ ऑर्गन विकत घेतला आणि शिकायला बसलो. वय सत्तरीच्या पुढे. घरच्यांनी आधी दारं लावून घेतली, मग सवय झाली.

शिकायची रीत थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचा मुद्दा कळेल. दहा घरं, प्रत्येक घरात दोन पत्त्या. एक फुंकेवर बोलते, दुसरी ओढीवर. पूर्ण सप्तक मिळतं चौथ्या घरापासून. चौथं घर फुंकलं की सा, ओढलं की रे. पाचवं फुंकलं की ग, ओढलं की म. सहावं फुंकलं की प, ओढलं की ध. इथवर सरळ आहे : फुंक, ओढ, फुंक, ओढ. आपल्याला वाटतं, सातवंही तसंच असणार. पण सातव्या घरात क्रम उलटतो. आधी ओढ, म्हणजे नी, आणि मग फुंक, म्हणजे वरचा सा. प्रत्येक नवशिका इथं आपटतो. आम्ही पंधरा दिवस आपटलो.

आता ध आणि नी पाहा. दोन्ही ओढीचे. लागोपाठ. म्हणजे धैवतावर तुम्ही श्वास आत घेताय, तो सोडायची संधी नाही, निषादावर आणखी आत घेताय. छाती भरून येते. आणि मग षड्जासाठी सगळा श्वास उलटा फिरवायचा. तो फिरवायला एक निमिष लागतं.

हे आमच्या लक्षात आलं त्या दिवशी आम्ही बाजा खाली ठेवला. ते निमिष आम्ही ओळखत होतो. लाँचवर पन्नास वर्षांपूर्वी ऐकलेलं. ती उत्कंठा नव्हती, अपूर्णतेचं तत्त्वज्ञानही नव्हतं. त्याची छाती भरलेली असायची आणि श्वास वळत असायचा. सराईत वादक ते वळण लपवतो. त्यालाही लपवता आलं असतं, इतका तो तयार होता. त्यानं ते लपवलं नाही, वापरलं. श्वासाच्या अडचणीलाच त्यानं सुरात जागा दिली. "तोच श्वास यात घे" या वाक्याचा अर्थ आम्हाला असा पन्नास वर्षांनी लागला. ते अडाणी उत्तर नव्हतं. तो पूर्ण पाठ होता, आम्ही तेव्हा घेतला नाही.

बासरीवाला फक्त रेचकावर वाजवतो. श्वास आत घ्यायला त्याला सूर सोडावा लागतो. माऊथ ऑर्गनमध्ये पूरक आणि रेचक दोन्ही बोलतात. यावर योगशास्त्राचा डोलारा उभा करायचा मोह आम्हाला होतो, पण तो आवरू. अमेरिकेत श्वसनाच्या रुग्णांसाठी माऊथ ऑर्गनचे वर्ग चालतात. त्यावरचे अभ्यास अजून लहान आहेत, तेव्हा कुणी औषध म्हणून बाजा घेऊ नये. एवढंच म्हणू की या वाद्यात माणसाचं श्वास घेणं लपत नाही. ऐकणाऱ्याला जी ओढ वाटते ती बहुधा याचीच. आणि शिकणाऱ्यालाही. गुरू नाही, बैठक नाही, कुणाची परवानगी नाही. आपलं आपण चुकायचं आणि आपलं आपण सुधारायचं.

आता मूळ प्रश्नाकडे. माऊथ ऑर्गनचा आपल्याकडे इतिहास आहे का? आहे. तो कागदावर नाही, कारण हे वाद्य एकट्या माणसाचं होतं आणि माणसाबरोबर गेलं. पण वाद्याची रचना शिल्लक आहे. जे सातवं घर आमच्या मित्राला नडलं, तेच आज आम्हाला नडतं. ते वाजवायला शिकणं, हीच या इतिहासाची संशोधनपद्धती आहे. जुनी दप्तरं वाचायला मोडी शिकावी लागते, तसंच हे. कानांनी पन्नास वर्षं जे जपलं पण समजलं नाही, ते ओठांना आणि छातीला पंधरा दिवसांत समजलं. यातून सगळं परत मिळतं असा आमचा दावा नाही. तो कुठली गाणी वाजवायचा त्यातली चारच आम्हाला आठवतात. आणि आम्ही आता वाजवतो तेव्हा शेजारी गाणारं कुणी नसतं, ते वेगळंच.

एक विनंती करतो आणि थांबतो. हे व्याख्यान पडद्यावर पाहणारे बरेच जण परगावी, परदेशी आहेत. तुमच्या घरात कुणी लाँचवर, लोकलमध्ये, गिरणीच्या चाळीत, बोटीवर माऊथ ऑर्गन वाजवणारा असेल, आणि अजून असेल, तर त्याच्यासमोर फोन ठेवा आणि वाजवायला सांगा. दम लागला तर थांबू द्या. तो कुठे थांबतो तेही मुद्रित होऊ द्या. आणि तो वाजवत असताना, आवाज बरा असो वा नसो, शेजारी बसून गा.

मागच्या रांगेतल्या त्या श्रोत्याचे आभार. आज ते आलेत की नाही, दिसत नाही. आले असतील तर त्यांनी चहाच्या वेळी भेटावं, त्यांना उत्तर द्यायचं राहिलं होतं.